चौदा घरांचा ढोल

मित्रांनो, मी जरा मोठ्यानं बोललो तर कानांवर हात ठेवू नका. मी ढोल आहे. हळू बोलायला मला कोणी शिकवलंच नाही.

वयानं मी काही फार म्हातारा नाही. हा माझा चौथा पावसाळा. पण दोनदा माझं कातडं बदललंय, खोडाला एक चीर गेलीय आणि डाव्या अंगाची एक कडी कधीच हरवलीय. तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही. दिंडोशीच्या डोंगराच्या पायथ्याशी करवंदवाडी म्हणून चौदा घरांची वाडी आहे. तिथे धाकूच्या घरात चुलीच्या वर मी टांगलेला असतो. धुरानं पार काळा पडलोय. तरी सांगतो, माझ्याइतका समाधानी ढोल उभ्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. आणि माझ्या या समाधानाची गोष्ट सुरू होते कुठून, तर संडासापासून. हसा, हसा! ढोलाच्या गोष्टीत हसलेलं चालतं.

मला घडवलं पोयसरच्या दशरथनं. फणसाचं चांगलं वाळलेलं खोड त्यानं आतून कोरून पोकळ केलं. बकऱ्याचं कातडं भिजवलं, खरवडलं, दोन्ही तोंडांवर ताणून बसवलं आणि दोऱ्या अशा आवळल्या की माझा जीव कळवळला. मग त्यानं एक बोट मारलं. मी पहिल्यांदा बोललो! दशरथ त्याच्या बायकोला म्हणाला, "हा कुठेही जावो, गप्प बसायचा नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटला. पुढे अख्खा महिनाभर मी तोंड दाबून बसणार होतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मला करायला टाकलं होतं सुहासिनीबाईंनी. बाई गोरेगावच्या. तिथल्या दवाखान्यात काम करत आणि एका महिला मंडळातही होत्या. आता दवाखान्यातल्या बाईंना ढोल कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी मला माझ्या जन्माच्या आधीचं सांगायला हवं. ते मी दशरथच्या ओसरीवर आणि मग वाडीत बायकांच्या तोंडून ऐकलंय.

करवंदवाडीतली माणसं मूळची तळकोकणातली. पुरुष कोणी गिरणीत, कोणी दगडाच्या खाणीत, कोणी तबेल्यात. घरं मातीची, वर पेंढा. संडास नावाची वस्तू वाडीत नव्हती. सगळे जायचे डोंगरावर. पुरुषांचं काय, तांब्या उचलला की निघाले. हाल बायकांचे. उजाडायच्या आत जाऊन यायचं आणि मग थेट अंधार पडेपर्यंत थांबायचं. दिवसा जायची पाळी येऊ नये म्हणून बायका पाणी प्यायच्या नाहीत, भाकरीचा अर्धा तुकडा बाजूला सारायच्या. आणि याला कोणी त्रास म्हणायचं नाही. रीतच ती, असं म्हणायचे.

धाकू वाडीचा गावकर, म्हणजे वडीलधारा. शब्द त्याचा. कुंदा ही त्याची सून, जयवंतची बायको. एका आषाढात, पाचवा महिना असताना, कुंदा त्या डोंगराच्या वाटेवर शेवाळावरून घसरली. तिला झोळीत घालून दवाखान्यात नेलं. कुंदा वाचली, पोटातलं मूल गेलं. धाकूला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तो एवढंच म्हणाला, "देवाची मर्जी." आणि विषय मिटला.

सुहासिनीबाईंनी मात्र तो मिटू दिला नाही. दवाखान्यात कुंदाचा हात त्यांनीच धरला होता. त्या मंडळाच्या बायकांना घेऊन वाडीत आल्या. आधी त्यांनी प्रत्येक घराला साबणाची वडी वाटली आणि स्वच्छतेवर भाषण केलं. वाडीनं साबण घेतला, भाषण ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी डोंगरावर. पुढच्या खेपेला फण्या वाटल्या. केस विंचरून मंडळी डोंगरावर! तिसऱ्या खेपेला बाई कावल्या. त्या म्हणाल्या, "मी आता काही वाटणार नाही. सगळ्या वाडीला मिळून काय हवं, ते तुम्हीच सांगा."

धाकूनं क्षणाचाही विचार केला नाही. "साबण पुरे झालो, बाई. आमका ढोल व्हयो!"

त्याला कारण होतं. ही माणसं गाव सोडून आली, पण शिमगा बरोबर घेऊन आली होती. वाडीचा जुना ढोल मात्र फाटला होता. दर शिमग्याला वरच्या वाडीकडे मागायला जावं लागे. त्यांचा नाच आटोपेपर्यंत करवंदवाडीची पालखी ताटकळत उभी. वर टोमणे वेगळेच. धाकू सगळ्यात चांगला वाजवणारा, आणि तोच हात जोडून उभा! हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

बाई हुशार. त्यांनी अट घातली. मंडळ विटा, कौलं आणि संडासात बसवायची सिमेंटची भांडी देईल, खड्डे वाडीनं खणायचे. चौदा घरांचे चौदा संडास उभे राहिले की शिमग्याला ढोल मिळेल. पण तो कायमचा वाडीचा होईल गौरीच्या दिवशी, आणि तेही चौदाच्या चौदा घरांतली सगळी माणसं संडासात जात असतील तरच. एक जरी माणूस डोंगरावर गेलेला दिसला, तर ढोल परत.

बघा, लोकांनी साबणासाठी जे केलं नाही, ते माझ्यासाठी केलं. खाणीतली माणसं ती, खड्डे खणायला त्यांना किती वेळ लागणार? छप्पन साली शिमग्याच्या आदल्या दिवशी चौदा पक्क्या खोल्या मंगळुरी कौलं घालून उभ्या होत्या. मी वाजतगाजत वाडीत आलो. धाकूनं मला कपाळाला लावलं, गळ्यात अडकवलं आणि काठी उचलली. काय वाजवला हो त्यानं मला! वरच्या वाडीतली माणसं खाली ऐकायला आली. मला वाटलं, आपल्या जन्माचं सोनं झालं.

झालं काय होतं, तर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. चार घरं संडास वापरू लागली. बाकीच्यांना ती खोली एवढी नवी, एवढी स्वच्छ वाटली, की त्यात जायचा धीरच होईना. कोणी त्यात सरपण रचलं. एकीनं कोंबड्या ठेवल्या. बाई चौकशीला आल्या की दारात पाण्यानं भरलेली बादली दिसायची. बाई आत डोकावायच्या नाहीत. कोणाच्या संडासात डोकावणं बरं दिसतं का?

मग पाऊस लागला. तसा पाऊस तुम्ही गच्चीवरून बघता, मी कातड्यावर सोसलाय. घरोघरी पेंढा गळू लागला. मला पाळीपाळीनं एकेका घरात ठेवत, आणि प्रत्येक घरात माझं कातडं सादळून सैल पडे. धाकू बेचैन झाला. त्याची बायको रुक्मिणी म्हणाली की चुलीवर टांगा, धगीनं कोरडा राहील. धाकूला ते पटेना. नव्या कातड्याला धूर लागून ते काळं पडलं तर वरची वाडी हसेल! वाडीत न गळणारं छप्पर कोणतं? फक्त संडासांचं. धाकूनं मला उचललं आणि आपल्या घराच्या संडासात नेऊन ठेवलं.

रुक्मिणीनं कपाळावर हात मारला. "अहो, देवाचो ढोल थंय ठेवतास?"

धाकू शांतपणे म्हणाला, "ह्या खोलीत आजून कोणी पाय ठेवलो नाय. देवळासारखी सोवळी आसा."

मित्रांनो, ऐकलंत? संडास इतका कोरा की सोवळा! आणि एकदा मी आत बसलो म्हटल्यावर त्या घरातलं कोणी आत येणार कसं? ज्या कामासाठी मला बक्षीस म्हणून दिलं, त्याच कामाच्या दारात मी ठाण मांडून बसलो होतो. कोरडा होतो, उबदार होतो, रोज संध्याकाळी धाकू येऊन फडक्यानं पुसायचा. पण मला लाज वाटत होती. कारण दाराच्या फटीतून मला कुंदा दिसायची.

कुंदाला पुन्हा दिवस गेले होते. आठवा महिना लागलेला. पाय सुजलेले. तोच पाऊस, तोच डोंगर, तीच शेवाळलेली वाट. पहाटे रुक्मिणीचा हात धरून ती जाऊन यायची आणि मग दिवसभर पाण्याच्या थेंबाला शिवायची नाही. जयवंत दिवे लागल्यावर गिरणीतून यायचा, बायकोचं तोंड सुकलेलं बघायचा, पण बापापुढे बोलायची त्याची छाती नव्हती. आणि कुंदा? ती तर सासऱ्यासमोर उभीसुद्धा राहत नसे. लग्नाला तीन वर्षं झाली, धाकूनं तिचा आवाज ऐकला नव्हता. मी ओरडून सांगितलं असतं, पण ढोलाला कोणीतरी वाजवावं लागतं. आपणहून बोलायची सोय नाही.

आषाढ सरत आला होता. एके दिवशी दुपारी, चांगल्या बाराच्या ठोक्याला, धो धो पाऊस चालला होता. पुरुष कामावर. धाकू शेजारच्या पडवीत बसलेला. दाराची कडी वाजली आणि कुंदा समोर उभी राहिली. हातात तांब्या. चेहरा पांढराफटक. तिनं एकदा मागे डोंगराकडे पाहिलं. वाटेवरून लाल पाण्याचे लोट येत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

तिनं वाकून मला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि पुटपुटली, "बाबा, माका माफ कर. तू परत मिळशील. ह्या नाय मिळूचा." आणि दुसरा हात तिनं पोटावर ठेवला.

मला उचलणं तिला शक्य नव्हतं. तिनं मला आडवा केला आणि पायानं हळूच ढकलला. उंबऱ्यावरून मी गडगडत पायरीवर आदळलो. धूम! तिथून खाली चिखलात. पुन्हा धूम! खोडाला चीर गेली ती त्या वेळची. दार आतून बंद झालं. वरून पाऊस माझ्या कातड्यावर असा कोसळू लागला की महिनाभर गप्प बसलेला मी एकदम बोलू लागलो. धडधड, धडधड! वाजवणारा कोणी नाही आणि मी वाजतोय. मित्रांनो, खरं सांगू? भिजत होतो, फुटलो होतो, आणि इतकं मोकळं मला शिमग्यालाही वाटलं नव्हतं.

भर पावसात, सण ना वार, ढोल वाजतोय म्हटल्यावर वाडीच्या काळजात धस्स झालं. घराघरांतून बायका धावल्या. तबेल्यातले दोघे आले. रुक्मिणी भाकरीच्या पिठाच्या हातांनी आली. आणि योग असा, की छत्री सावरत सुहासिनीबाई त्याच वेळी पायवाट चढत होत्या. कुंदाला तपासायचं म्हणून आल्या होत्या त्या.

धाकू सगळ्यांत पुढे. मला चिखलात पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "कोणी टाकल्यान? ढोल कोणी भायर टाकल्यान?"

आणि मग बंद दाराआडून आवाज आला. "मी, मामंजी."

धाकू दचकला. आवाज कोणाचा तेच त्याला कळेना. दार मध्ये होतं म्हणून असेल, पण कुंदा थांबली नाही.

"मामंजी, गेल्या पावसात मी त्या वाटेर पडलंय. माझा पोर गेला. तेव्हा तुमी म्हटलात, देवाची मर्जी. आज ढोल भिजलो. ही पण देवाचीच मर्जी म्हणा."

पाऊस पडत होता आणि मी वाजत होतो. धाकूनं मान खाली घातली. मग तो चिखलात बसला आणि मला उचलायच्या ऐवजी त्यानं फक्त माझ्यावर हात ठेवला. मी गप्प झालो.

"बाई," तो म्हणाला, "ढोल घेवन जावा. आमी तुमका फसवलंव. आमी हरलंव."

बाईंना सगळं समजलं. त्यांनी एकेक दार उघडून पाहिलं. सरपण पाहिलं, कोंबड्या पाहिल्या. परत आल्या तेव्हा त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, "धाकूमामा, फसवलंत खरं. पण चूक माझीपण आहे ना. मी प्रत्येक वेळी विचारलं तुम्हाला. त्या वाटेचे काटे रोज कोणाच्या पायात जातात? या बायकांच्या. मग यांना कधी विचारलं का मी?"

तेवढ्यात रुक्मिणी पुढे झाली. पदर खोचला, दारावर थाप मारली आणि ओरडली, "गो कुंदा, झाला काय? भायर ये बघू! आता माझी पाळी!"

वाडीत असा काही हशा पिकला! बायका पावसात पोट धरून हसल्या. हसता हसता काहींच्या डोळ्यांना पाणी आलं. कुंदा बाहेर आली ती खाली मान घालून, आणि सासूनं तिच्या हातातला तांब्या घेतला. त्या दिवशी धाकूच्या संडासापुढे रांग लागली. संध्याकाळपर्यंत सरपण बाहेर आलं आणि कोंबड्यांना नवं खुराडं मिळालं.

बाईंनी अट मोडली नाही, बदलली. गौरीला दीड महिना होता. तोवर मी वाडीतच राहायचं, पण वाजायचं नाही. आणि निकाल बाई देणार नाहीत. गौरीच्या दिवशी चौदा घरांतल्या चौदा बायका उभ्या राहून खरं काय ते सांगतील. एकीनं जरी नाही म्हटलं, तर ढोल परत. पुरुषांची पाचावर धारण बसली! बाईंना फसवता येतं, घरच्या बाईला कसं फसवणार?

मला दशरथकडे नेलं. कातडं सडलं होतं, त्यानं नवं चढवलं. चीर मात्र भरून येण्यासारखी नव्हती. "आवाज जरा घोगरा होईल," तो म्हणाला. परत आल्यावर धाकूनं मुकाट्यानं मला चुलीच्या वर टांगलं. खाली कुंदा भाकऱ्या थापायची आणि मध्येच घटाघटा पाणी प्यायची. ते पाणी पिणं बघायला मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

श्रावणात कुंदा बाळंत झाली. मुलगी. सुहासिनीबाई रात्रंदिवस तिथेच होत्या. पोर रडली तो आवाज माझ्या पोकळ पोटात घुमला. आईही सुखरूप, लेकही सुखरूप. धाकू पडवीत उकिडवा बसला होता. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "सुटलंव बाबा." जयवंत तर नुसता हसतच होता.

गौरीचा दिवस आला. मला देवासमोर ठेवलं होतं. वाडी जमली, वरच्या वाडीतलेही मजा बघायला आले. एकेक बाई उभी राहिली. "आमच्या घरात सगळी जातत." "आमच्यापण." असं करत तेरा घरं झाली. शेवटचं घर धाकूचं. सांगायचं कुंदानं.

कुंदा मांडीवर पोर घेऊन बसली होती. उठली. धाकूकडे पाहिलं. आता मध्ये दार नव्हतं.

"सगळी जातत," ती म्हणाली. "फक्त मामंजी नाय. ते आजून डोंगरावर जातत."

अरे देवा! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. तेरा घरांनी आपले डोळे धाकूवर रोखले. मीही रोखले असते, मला असते तर. म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. वाटलं, आता हा सुनेवर भडकणार. पोरीनं खोटं एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तिला जमलं नाही!

धाकू उठला. कोपऱ्यातला तांब्या घेतला. भरला. सगळ्या वाडीच्या, वरच्या वाडीच्या आणि गौरीच्या साक्षीनं तो सरळ चालत संडासाकडे गेला, आत शिरला आणि दार लावून घेतलं.

कोणी हसलं नाही. सगळे थांबले. चांगलाच वेळ लागला हो! शेवटी दार उघडलं. धाकूनं हातपाय धुतले, अंगणात आला आणि सुनेला म्हणाला, "आता सांग."

"चौदा घरां, मामंजी," कुंदा म्हणाली.

घोडं गंगेत न्हालं! धाकूनं मला गळ्यात घेतलं. माझा आवाज खरंच घोगरा झाला होता, पण त्या दिवशी मी वाजलो तसा पुन्हा कधी वाजलो नाही. कुंदाची लेक आधी दचकली आणि मग त्याच आवाजात झोपून गेली.

तिचं नाव शेवंती. आता तीन वर्षांची आहे. ती भलती हट्टी आहे, आणि भर दुपारी संडासाला लागली की एकटी तुरुतुरु जाते, जराही थांबत नाही. तिला ठाऊकच नाही की या वाडीत कोणाला थांबावं लागत होतं. मी चुलीवरून तिच्याकडे बघतो आणि माझ्या चिरेचं मला काही वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं. माझ्यासारख्या बक्षिसाला जरूर जपा, पुसा, मिरवा. पण कोणाच्या गरजेच्या दारात मला आडवा ठेवू नका. आणि चुकून ठेवलाच असेल, तर वाट कसली बघता? ढकला बाहेर. मी भिजेन, फुटेन, पण वाजत बाहेर पडेन.